चार अक्षरी स्क्रू

मेकॅनिकल इंजिनियर असूनही स्क्रूला मराठीत काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं, आणि ते कळायला मला दिल्लीहून थेट कऱ्हाड गाठावं लागलं.

त्या काळी पुण्याहून आमच्याकडे टपालानं एक साप्ताहिक यायचं. त्यातलं शब्दकोडं माझी बायको सुमन थेट शाईनं सोडवायची. (ती पहाडगंजच्या मराठी शाळेत मराठी शिकवायची. तिला खोडरबर लागत नसे.) एका रविवारी मात्र ती अडली. 'लाकडात शिरते, पण ठोकून नव्हे. चार अक्षरे.'

हे आमच्या लाइनचं आहे, असं म्हणून मी पेन ओढून घेतलं आणि 'पेचकस' लिहून टाकलं. त्यामुळे उभ्या 'चित्र'चं 'चिस' झालं, पण मी डगमगलो नाही.

"अहो, पेचकस हिंदी आहे," सुमन म्हणाली. "आणि पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर. तो शिरत नाही, शिरवतो."

दिल्लीत बारा वर्षं काढल्यावर कुठला शब्द कुठल्या घरचा, हे मला कळेनासं झालं होतं. मराठीत याला शब्दच नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तिनं मला न सांगता माझ्या बाबांना पत्र टाकलं. कऱ्हाडला बाबांचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं.

आठवड्याभरानं मी फरीदाबादच्या कारखान्यातून दुपारीच घरी आलो, तर शेजारच्या खन्ना भाभी जिन्यात उभ्या. फोन त्यांच्याकडेच होता.

"भाईसाहब, आपके गाँव से ट्रंक कॉल था. बस 'मंगलसूत्र, मंगलसूत्र' चिल्लाते रहे. फिर लाइन कट गई."

बाबा उभ्या आयुष्यात कधी फोनवर बोलले नव्हते. म्हणजे फोन दुसऱ्या कुणी केला. मंगळसूत्र म्हणजे आईचं. म्हणजे बाबा... दोन पायऱ्यांत गणित सुटलं. (इंजिनियरचं डोकं!) सुमनची शाळा स्टेशनजवळच होती, पण तिला तोंडानं सांगायचा धीर होईना. 'कऱ्हाडला जातोय. धीर धर,' अशी चिठ्ठी ठेवून मी गाडीत बसलो. कोड्यासाठी नवरा एवढं करील असं तिला वाटलं नव्हतं, हे तिनं नंतर सांगितलं.

तीन वर्षांत मी घरी गेलो नव्हतो. दर दिवाळीला काहीतरी निघायचंच. गाडीत राहून राहून बाबांचे हात डोळ्यांसमोर यायचे, रॉकेलचा वास असलेले. लहानपणी ते इंजिनाखालून नुसता हात बाहेर काढत, 'दट्ट्या दे' म्हणत, आणि मी तो द्यायचो. पिस्टन हा शब्द मला त्यानंतर कितीतरी वर्षांनी भेटला. भुसावळपर्यंत मी दोनदा रडलो. शेजारच्या सरदारजींनी पराठा पुढे केला. तो मी रडत रडतच खाल्ला आणि लोणचं मागून घेतलं.

कऱ्हाडला पोचलो, तर बाबा दुकानाच्या पायरीवर बसून रॉकेलमध्ये काहीतरी घासत होते.

"मळसूत्र," ते म्हणाले. "पंधरा वेळा ओरडलो त्या बाईच्या कानात. तरी आलास?"

मी तिथेच पायरीवर बसलो आणि हमसून रडलो. बाबा घाबरून आईला हाका मारायला लागले. तुम्ही गेलात असं समजून आलो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? शब्द नीट ऐकू आला नाही, म्हणून आलो, एवढंच बोललो.

त्यांनी हात पुसले आणि एक हात बराच वेळ माझ्या पाठीवर ठेवला.

मी चार दिवस राहिलो. बाबा मला बरोबर घेऊन पेठेत प्रत्येक दुकानात गेले. पोरगा दिल्लीला एवढा मोठा इंजिनियर, पण स्क्रूपाशी अडलं तर बापाला विचारायला दोन दिवसांचा प्रवास करून आला, असं अभिमानानं सांगत सुटले. मी कुठेच खोडून काढलं नाही.

शेवटी सुतारकाम करणाऱ्या दगडूमामांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"मग तिकडं कारखान्यात तू नेमकं करतोस काय?"

"सह्या," मी म्हणालो.