कोमट दिवसांतला बंब

मी वसईचं घर सोडलं त्या सकाळी गरम पाण्याची कुणालाच गरज नव्हती. मार्च लागला होता, थंडी सरली होती, आणि बाबा विहिरीवरच दोन बादल्या अंगावर घेऊन मोकळे झाले होते. तरी आईने मागच्या अंगणातला बंब पेटवला. तांब्याचा, पोटातून धुराची नळी गेलेला, बाजूला पितळी तोटी. आधी वरून पाणी भरलं, कारण रिकामा बंब पेटवला तर त्याच्या सांध्यांची झाळ सुटते. मग खाली करवंट्या, थोडं नारळाचं सोडण आणि पेटती झावळी. मी म्हटलं, "आई, उकडतंय. कशाला पेटवतेस?" ती म्हणाली, "लांब जायचंय. अंघोळ करून जा."

विमानात बसलो तेव्हा नव्या शर्टाला धुराचा वास येत होता. तो जाऊ नये म्हणून तो शर्ट मी पुढे बरेच दिवस धुतला नाही.

हे मी मागे राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे इकडे येऊन अडकलेल्यांसाठीही. यंदाचा ईस्टरआधीचा सगळा उपवासकाळ माझा एका गोष्टीत गेला. आईला घरी पाठवायचं की आपल्याजवळ ठेवून घ्यायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर ठरवायचंच नव्हतं.

मी शारजात राहतो. पहिली काही वर्षं दुबईत अल क्वोजच्या वेअरहाउसांमध्ये एसी आणि पंप दुरुस्त केले. आता मलीहाच्या बाजूला वाळवंटात एक टुरिस्ट कॅम्प आहे, त्याचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. नावाला तंबू, पण प्रत्येकाला बाथरूम. आमच्या अरबाबांनी, म्हणजे मालकांनी, कुठल्याशा थंड देशातून लाकडावर चालणारा बॉयलर मागवलाय. तो बाहेर उघड्यावर उभा असतो, पत्र्याच्या टपरीएवढा, डोक्यावर चिमणी. आत भट्टी, भट्टीभोवती पाणी, आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या पाइपांतून तंबूंपर्यंत जातं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, हा तर आपला बंबच, गल्फमध्ये राहून अंग सुटलेला.

इथलं झाड तोडायचं नाही, म्हणून बशीर नावाचा आमचा पेशावरी ड्रायव्हर अल क्वोजच्या गोदामांतून मोडके लाकडी पॅलेट घेऊन येतो. जानेवारीत हा बॉयलर छान चालतो. वाळवंटातली थंडी बोचरी असते, पाणी सतत लागतं, आग मोकळी जळते. अडचण होते ती मार्चमध्ये. दिवसा ऊन असतं, संध्याकाळी नुसता गारवा. पाणी लवकर तापतं आणि कुणी वापरत नाही. पाणी तापलं की हवेची झडप आपोआप बंद होते. मग आत भरलेलं लाकूड जळतही नाही आणि विझतही नाही. तासन्‌तास धुमसत राहतं. चिमणीतून पिवळट धूर निघतो आणि तंबूंमध्ये शिरतो, आणि भट्टीच्या भिंतींवर डांबरासारखी काजळी धरते.

यावरचा उपाय मला माहीत नव्हता असं नाही. कोमट दिवसांत आग विझू द्यायची आणि गरजेपुरती दुपारनंतर पुन्हा लावायची. बॉयलर बसवायला आलेल्या माणसानेही तेच सांगितलं होतं. पण विझलेला बॉयलर मला बघवत नाही. लहानपणीही असंच होतं. बंब सांभाळायचं काम माझं, आणि मी उगाच लाकडं कोंबत बसायचो. आई आतून ओरडायची, "विझू दे की. उद्या पेटवू." मी ऐकायचो नाही, आणि इथेही सकाळ-संध्याकाळ भट्टी भरत राहिलो.

बाबा गेल्यावर, सप्टेंबरात, मी आईला घेऊन आलो. "थोडे दिवस राहा, मन रमेल," असं सांगून. आल्याच्या दिवशी तिने अंघोळीला थंड पाण्याचा नळ सोडला आणि हात मागे घेतला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने तापलेलं. ती बाहेर येऊन विचारते, "पेटवलं कोणी?" माझी मुलगी अँजेला हसत सुटली. "आजी, नोबडी. इट्स जस्ट समर." आईही हसली. मी मनात म्हटलं, रमेल.

ती रमली नाही. तक्रारही केली नाही. आठव्या मजल्याच्या खिडकीशी लुगड्याचा पदर सावरून बसायची आणि खाली दुबईहून येणाऱ्या गाड्यांची रांग बघायची.

"ही रांग संपत नाही का रे, पास्कू?"

"नाही. ऑफिस सुटलं की सगळे घरी येतात."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे सगळ्यांनाच घरी जायचं असतं," ती म्हणाली.

मी व्हिसा वाढवून घेतला. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तिला बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावायची होती. मी म्हटलं, इथल्या चर्चमध्ये बाबांच्या नावाने मिस्सा लावू. ती बरं म्हणाली. नाताळनंतर तिने विचारलं, "आपण कधी जायचं?" मी म्हणालो, "बघू. इन्शाल्ला." माझी बायको लीना भांडी पुसत होती. आई आत गेल्यावर ती म्हणाली, "आईला इन्शाल्ला म्हणतोस? सोफा कधी देणार विचारल्यावर दुकानदार तुला इन्शाल्ला म्हणाला तेव्हा केवढा चिडला होतास."

लोकांना सांगत होतो की आईची सेवा करतोय. प्रत्यक्षात मला नीट झोप हवी होती. ती पलीकडच्या खोलीत आहे, म्हणजे तिच्याबद्दल वसईहून फोन येणार नाही. बाबांच्या वेळी असा फोन आला होता आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ते पुन्हा नको म्हणून मी एका चालत्या-फिरत्या बाईला खिडकीशी बसवून ठेवलं होतं. तुमच्यापैकी ज्यांनी आईवडिलांना इकडे आणलंय, त्यांनी स्वतःला एकदा विचारून बघा. मी रागावून म्हणत नाही. दमून म्हणतोय.

उपवासकाळ संपत आला होता. एका शनिवारी मी आईला कॅम्पवर घेऊन गेलो. दुपार कलत होती, पाहुणे उंटांकडे गेले होते. बॉयलरपाशी धूर साचला होता आणि बशीर पॅलेट फोडत बसला होता. त्याने आईसाठी खुर्ची पुसली.

"अम्मा जी, ये आपके बेटे का दूसरा बच्चा है. दिन भर खिलाता है, फिर भी रोता है."

आई वसईच्या हिंदीत म्हणाली, "खिलाता कायको? उसको भूक किधर है?"

बशीर इतका हसला की त्याला ठसका लागला. आई मात्र चिमणीकडे बघत होती. मग तिने मला विचारलं, "ही माणसं अंघोळी कधी करतात?"

"संध्याकाळी."

"मग आत्ता कशाला कोंडून ठेवलंयस?"

"विझला तर परत पेटवावा लागेल."

"विझू दे की. उद्या पेटवू."

ती सहज बोलली. मी हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग तीच म्हणाली, "पवित्र शनिवारी आपला बंब घासायचा असतो. यंदा राहणार." आमच्या घरात ही रीत आहे. पवित्र गुरुवारी संध्याकाळी बंबातली आग विझवायची. शुक्रवारी सगळ्यांनी थंड पाण्याने अंघोळ करायची. शनिवारी राख काढून बंब चिंचेने घासायचा आणि ईस्टरच्या सकाळी नव्याने पेटवायचा. आईने लग्न होऊन आल्यापासून हे कधी चुकवलं नव्हतं.

"तुला जायचंय," मी म्हणालो.

"मी विचारायचे तेव्हा तू बघू म्हणायचास. मग विचारायचं सोडलं."

"तिकडे एकटी असताना पडलीस तर?"

"पडले तर रोझी आहे शेजारी. किल्ली तिच्याकडेच आहे."

"आणि काही झालं तर?"

तिने माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "काही झालं तर मला घेऊन तिकडेच जाशील ना? बाबांच्या कबरीशेजारी? मग चालतीबोलती आहे तोवर पाठव की."

बशीरला मराठी येत नाही, पण तो उठून लांब गेला.

त्या दिवशी मी भट्टी पुन्हा भरली नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, थंड भिंतींवरची काजळी खरवडली, राख काढली. दुपारनंतर सुकी, बारीक फोडलेली लाकडं तेवढी घातली. ज्वाळा सरळ वर गेली. चिमणीतून धूर असा दिसलाच नाही, नुसती हवा थरथरत होती. दिवस मावळताना तंबूंना गरम पाणी मिळालं आणि आग आपली आपण विझली. बशीर म्हणाला, "खलास? आज बच्चा सो गया?" मी हो म्हणालो. तरी निघताना दार उघडून एकदा आत बघितलंच. ती खोड काही जात नाही.

ईस्टरला आठवडा उरतो तो झावळ्यांचा रविवार, त्याच्या आधीचं तिकीट मिळालं. निघायच्या सकाळी हवा छान होती, गरम पाण्याची काही गरज नव्हती. तरी मी लवकर उठून गीझर लावला. आई म्हणाली, "कशाला रे?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लांब जायचंय. अंघोळ करून जा." ती अंघोळ करून आली, पदर नाकाशी धरून म्हणाली, "धुराचा वास नाही आला बघ तुझ्या पाण्याला." अँजेलाने तिला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. मी मिठी मारली नाही. आमच्याकडे मुलगे मारत नाहीत. बॅगेचं हँडल घट्ट धरून उभा राहिलो.

ईस्टरच्या सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. फोन रोझीने धरला होता. आईने स्वतःचं तोंड दाखवायच्या आधी बंब दाखवला. चिंचेने घासून लालबुंद झालेला, नळीतून धूर निघालेला. मला शारजात बसून तो वास आला असं म्हणणार नाही. नाही आला.

त्यानंतर ती रोज बंब पेटवत नाही. परवा मी विचारलं तर म्हणाली, "एकटीला कशाला? तपेलीभर पाणी गॅसवर तापतं. बंब भरून ठेवलाय. तू आलास की पेटवू."

माझी झोप पुन्हा उडाली आहे. फोन वाजला की आधी वसईचा नंबर आहे का बघतो, तो बँकेचा निघतो किंवा बशीरचा. इथे माझं घर आहे, बायको आहे, मुलगी आहे, कॅम्पवरून निघालो तरी शेवटी त्या रोजच्या रांगेत शिरून मी तिथेच परत येतो. पण कुणी घर कुठे म्हणून विचारलं की डोळ्यांपुढे येतो तो मागच्या अंगणातला बंब. घासलेला, काठोकाठ भरलेला, थंड. तो थंड आहे याची मला अजून भीती वाटते. पण काडेपेटी तिच्या हातात आहे.