बाईंची मोजणी

"डोळा फसवितो, तळहात न्हाई," असं म्हणतच बाई सहलीच्या गाडीत चढायच्या आणि पहिल्या बाकापासून मोजायला लागायच्या. एकेका डोक्यावर तळहात टेकवायचा, किंचित दाबायचा, आकडा म्हणायचा, की पुढचं डोकं. तुमच्याही शाळेत पोरं मोजणारं कुणीतरी असेलच. दारात उभं राहून हवेत बोट नाचवणारं. आमच्या बाईंना ते चालत नव्हतं.

त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी नजरेनंच मोजलं आणि बाकावर उभं ठेवलेलं, वर टोपी अडकवलेलं एक दप्तर लेकरू म्हणून धरलं. नांदेडच्या बसस्थानकावर एक पोरगी मागं राहिली. तासाभरात सापडली. "पण तिचा हुंदका अजून कानात हाय माझ्या," असं बाई सांगायच्या.

एसटीचे ड्रायव्हर वैतागायचे. "बाई, किती येळा मोजताव? पोरं हायत का शेळ्या?"

"शेळी मागं ऱ्हायली तर वरडती. लेकरू गप बसतं. चावी नका फिरवू अजून."

उदगीरजवळच्या त्या जिल्हा परिषद प्रशालेत मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो, पुढं त्यांच्याच शेजारच्या वर्गावर शिक्षक झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी छाती काढून सांगतो. लहानपणी गावातला दुकानदार आम्हा बौद्धांच्या पोरांच्या ओंजळीत गुळाचा खडा वरून सोडायचा, हाताला हात लागू नये म्हणून. पाचवीच्या सहलीत बाईंचा हात माझ्या डोक्यावर आला. "एकोणतीस," म्हणाल्या आणि पुढं गेल्या. अठ्ठावीसवर जेवढा टेकला होता तेवढाच, तितकाच वेळ. घरी गेल्या गेल्या मी आईला सांगितलं, "मी एकोणतीस हाय."

आता त्या दिवसाचं सांगतो. किनवटकडचा धबधबा दाखवून बाई आणि मी पोरांना घेऊन परत निघालो होतो. चहाला थांबलो, पोरं पुन्हा गाडीत बसली, बाईंची मोजणी सुरू झाली. मागच्या बाकावर दहावीचा एक पोरगा होता, केस उभे करून बसलेला. त्याच्या दोस्तानं चोरून आणलेला मोबाईल काढून शूटिंग चालवलं होतं. बाईंचा हात डोक्यावर आला तसा तो म्हणाला, "ए म्हातारे, केस बिघडतेत," आणि त्यानं तो हात जोरानं झटकला. बाई मागं गेल्या आणि बाकाच्या लोखंडी दांडीवर मनगट आपटून खाली पडल्या. चारदोन पोरं हसली. बाईंनी पडल्या पडल्याच विचारलं, "शेहेचाळीस झाले ना रे?"

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

"पडले," बाई म्हणाल्या.

"पडल्या नाहीत, पाडलं," मी म्हणालो. "शासकीय कर्मचारी आहेत त्या. ड्युटीवर होत्या. तसं लिहा." मला कायदा माहीत होता आणि तो माहीत असल्याचा मला अभिमानही होता. डॉक्टरांनी चौकीला कळवलं.

दुसऱ्या दिवशी बाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ठाण्यात गेल्या. "मला तक्रार करायची न्हाई. लेकरानं चुकलं म्हणावं, बास."

हवालदार भला माणूस होता. "बाई, सरकारी माणसावर हात टाकलाय. आता हे तुमच्या हातात ऱ्हायलं न्हाई. पोरगं अठराच्या आत हाय मनून लातूरला बाल न्याय मंडळापुढं जाईल."

बाहेर आल्यावर बाई मला एवढंच म्हणाल्या, "शिकलास, लई चांगलं झालं. पण लेकरा, जरा थांबायचं होतंस."

मी थांबलो नव्हतो. म्हणून पोराचा बापही थांबला नाही. त्यानं शिक्षण खात्याकडं उलटी तक्रार केली, की बाई पोरांना डोक्यात मारतात. पुरावा म्हणून मोबाईलमधली चित्रफीत दिली. दहाबारा सेकंदांची, आवाज नसलेली, वेग वाढवलेली. तीत बाईंचा हात धडाधड एकेका डोक्यावर आदळताना दिसत होता. झटकलेला हात आणि पडलेल्या बाई कापून टाकल्या होत्या. गावात ज्यानं त्यानं ती पाहिली. ज्यांची डोकी बाईंनी मोजली होती, त्यांच्यातलेही काहीजण म्हणाले, "आता डोळ्याला दिसतंय तर मारल्यालं खरंच हाय की." मी लेखी जबाब दिला, तीन पानांचा, शुद्ध भाषेत. चौकशीला आलेल्या साहेबांनी तो फायलीला लावला आणि चित्रफीत पुन्हा एकदा पाहिली.

बाईंची निवृत्ती वर्षावर आली होती. आयुष्यात त्यांनी छडी धरली नव्हती. "मारकी बाई म्हणून जायचं का रे मी?" असं त्यांनी एकदा विचारलं.

तारखांना आम्ही उदगीरहून लातूरला एकाच एसटीनं जायचो. पुढं बाई आणि मी, मागं तो पोरगा आणि त्याचा बाप. परतीला गाडी सुटायच्या वेळी बाई हळूच विचारायच्या, "बघ की, ते लेकरू चढलं का?"

शेवटच्या तारखेला साक्षीसाठी मलाही आत घेतलं. मंडळाच्या मॅडम शांतपणे बोलायच्या. पोरानं सगळं कबूल केलं होतं. त्याला समुपदेशनाला यायला सांगितलं, बापालाही सोबत बसायला सांगितलं. ही नोंद पुढं नोकरीच्या आड येणार नाही, असंही मॅडमनी बजावलं. ऐकून बाईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

मग मॅडम म्हणाल्या, "बाई, मोजायचं म्हणजे तुम्ही नक्की काय करायचा? दाखवा बरं एकदा."

बाई उठल्या. पोरगा समोर उभा होता. कुणी न सांगता त्यानं मान खाली घातली. बाईंचा हात वर गेला. मनगट वाकडंच जुळलं होतं. हात त्याच्या केसांपासून वीतभर अंतरावर थांबला आणि माघारी फिरला.

"न्हाई मॅडम," बाई म्हणाल्या. "लेकरांना हात लावायचा न्हाई, असा कागद आलाय मला खात्याचा." आणि त्यांनी हात पदराखाली घेतला.

कागद आदल्याच आठवड्यात आला होता. 'विद्यार्थ्यांना शारीरिक स्पर्श करू नये अशी समज देऊन प्रकरण बंद करण्यात येत आहे.' मारलं, असं त्यात लिहिलेलं नव्हतं. मारलं नाही, असंही नव्हतं.

पोरगा मात्र बराच वेळ तसाच मान खाली घालून उभा होता. शेवटी बापानं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

उरलेल्या वर्षात बाई एकाही सहलीला आल्या नाहीत. निरोप समारंभालाही आल्या नाहीत. भावाकडं किनवटला निघून गेल्या. मी दोनदा फोन केला. "बरी हाय," म्हणाल्या, आणि शाळेचं काहीच विचारलं नाही.

यंदाची सहल माझ्याकडं होती. चहाला थांबून पोरं पुन्हा गाडीत बसली. ड्रायव्हर तोच होता, 'शेळ्या' म्हणणारा. चावीला हात न लावता आरशातून माझ्याकडं बघत होता. मी वर चढलो. पहिल्या बाकावर बाईंच्या वेळच्या, नववीतल्या दोन पोरी होत्या. मला बघून दोघींनी बोलणं थांबवलं आणि सवयीनं डोकी पुढं केली.

मी खिशातून यादी काढली आणि नावं वाचायला लागलो.