मुका पिक्चर आणि बायकोची वऱ्हाडी

चिखलीच्या एका शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झालो. लोकांचं मराठी सुधारणं हा माझा धंदाच होता, आणि घरी आल्यावर तो बंद करायचं मला कधी सुचलं नाही. बायको जळगाव जामोदकडची, अस्सल वऱ्हाडी बोलणारी. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ती 'मले' म्हणाली की मी 'मला' म्हणायचो. ती हसायची आणि पुन्हा 'मले'च म्हणायची. तोवर सगळं ठीक होतं.

मुलाचं लग्न पुण्यात ठरलं, तेव्हा मात्र मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तिथे जरा कमी बोल." तिने ते इतकं मनावर घेतलं की कार्यालयात दोन दिवस ती नुसती मान हलवत राहिली. परत आल्यावरही घरात परकं माणूस आलं की तिचं तोंड मिटायचं. जिच्या गप्पांसाठी गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून यायच्या, त्या बाईचं! चूक माझी होती हे मला कळत होतं. पण कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले. पहिल्या दिवशी दिवसभर विहीणबाई बोलणं काढत राहिल्या, आणि बायकोकडून फक्त भरीत, भाकरी, लोणी पुढे जात राहिलं. सुनेला ते खुपलं असावं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने हॉलच्या खिडक्यांना चादरी लावल्या, प्रोजेक्टर मांडला आणि म्हणाली, "जुना मुका पिक्चर बघू. त्यात कुणालाच बोलावं लागत नाही." पिक्चर म्हटल्यावर शेजारच्या काकूही येऊन बसल्या.

पिक्चर सुरू झाला. पावाच्या दुकानात राबणारा एक लांबुडका पोरगा. पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्या मुलीवर त्याचा जीव जडलेला, पण बोलायची छाती नाही. म्हणून तो रोज तिच्याकडून एक तिकीट घेतो. पत्र पाठवायला जगात कुणी नाही, त्यामुळे तिकिटं खिशात साठत जातात.

मधूनमधून इंग्रजी पाट्या येत होत्या. त्यांचा अर्थ सांगायचं काम अर्थातच मी घेतलं. "नायक म्हणतो, कुमारी, आपल्या दर्शनाने माझे चित्त विचलित झाले आहे."

"सर, पिक्चर सांगून राह्यले का धडा घेऊन राह्यले?" काकू म्हणाल्या आणि सरळ बायकोकडे वळल्या. "तू सांग वो बाई."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पुसत बसलो. ती काकूंच्या कानाशी पुटपुटली, "तिकीट घ्याले नाही आला थो. तिले पाह्याले आला."

काकू खदखदल्या. "काय म्हणाल्या? आम्हालाही सांगा की," मागून विहीणबाई. झालं, बायकोचा आवाज मोठा झाला. पुढे तो पोरगा गोंधळून तिकीट जिभेने ओलं करतो आणि स्वतःच्याच कपाळाला चिकटवतो. मुलगी गंभीर चेहऱ्याने त्यावर शिक्का मारते. "घ्या!" बायको म्हणाली. "पार्सल तयार झालं. आता सांग माय, कुठी पाठवाचं!" एरवी वर्तमानपत्रातून मान वर न काढणारे व्याही हसता हसता खुर्चीवरून घसरले. तिला त्यातली एकही पाटी वाचता येत नव्हती, पण एकही जागा चुकली नाही. मी इतकी वर्षं कविता शिकवल्या, पण असा वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

मग मुलीची बदली होते. पोरगा स्टेशनवर येतो, गाडीच्या खिडकीशी उभा राहतो आणि काही न बोलताच मागे फिरतो. बायकोचा आवाज खाली आला.

"त्याले बोलता येत नाही असं नाही," ती म्हणाली. "त्याले वाटते, आपल्या बोलन्याले लोक हसतीन. म्हनून गप हाये."

विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "विहीणबाई, लग्नात तुम्ही दोन दिवस एक शब्द बोलला नाहीत. आमचंच काही चुकलं आणि तुम्ही रागावलात, असं वाटत राहिलं. अजून सलतं ते."

माझ्याकडे बोट दाखवणं बायकोला सहज जमलं असतं. तिने ते केलं नाही, आणि मला ते सहन होईना.

"ती रागावली नव्हती," मी म्हणालो. "मीच तिला गप्प राहायला सांगितलं होतं. मला तिच्या बोलण्याची लाज वाटायची. अक्कल नव्हती मला."

भिंतीवर तो पोरगा पाठमोरा चालतच होता. बायकोने माझ्याकडे वळून पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग पदर सावरून म्हणाली, "झालं सांगून? आता तुमी गप बसा. तिकडे थे पोरगी गाडीतून उतरून राह्यली, अन् तुमचं मधीच!"

सगळे हसले, सर्वांत मोठ्याने विहीणबाई. बायको उठून भिंतीजवळ गेली आणि उभ्यानेच पुढचं सांगू लागली. शेजारी बसलेल्या व्याह्यांना मी कोपराने ढोसलं आणि त्यांना चांगलं ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगितली, "माझी बायको आहे ती."