उस्तादांचे पाय

घाट उतरताना पुढे वाहतूक अडली आणि आमच्या एसटीला खेटून एक ट्रक थांबला. मी पुढच्याच सीटवर होते. ट्रकची केबिन खिडकीतून अगदी हाताशी. स्टिअरिंगवर एक तरुण ड्रायव्हर. पलीकडे पिकल्या मिशांचे एक गृहस्थ, पाय डॅशबोर्डवर टाकून गाढ झोपलेले. मी बघतेय म्हटल्यावर ड्रायव्हर माझ्याकडे वाकला. चेहरा असा, जणू घरात बारसं आहे.

"ताई, उस्ताद झोपलेत!" तो कुजबुजला.

"दमले असतील."

"छे हो! मी शिकायला लागल्यापासून, गाडी माझ्या हातात असली की त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. वळण आलं की त्यांचाच पाय ब्रेक दाबणार, तिथं ब्रेक नसला तरी. आज भर घाटात पाय वर!"

मला हसू फुटलं. मी कार शिकताना बाबाही शेजारी बसून असाच रिकामा पत्रा दाबायचे. शाबासकी कधी दिली नाही. पण एकदा बाजारातून येताना त्यांनी शेजारी निवांत शब्दकोडं सोडवायला घेतलं, तेव्हा नेहमीचा रस्ता मला केवढा रुंद वाटला होता! काही माणसांची शाबासकी तोंडातून येतच नाही, पायांतून येते.

रांग हलली. आमच्या ड्रायव्हरचा हात हॉर्नकडे गेला, तसं त्या पोरानं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. अख्खा घाट हॉर्ननं दणाणून सोडणारा आमचा ड्रायव्हर हसला आणि त्यानं हात मागे घेतला.

मग तो भरलेला ट्रक इतका अलगद निघाला, की डॅशबोर्डवरचे पाय तसूभरही हलले नाहीत.