कंट्रोलचा तांदूळ

"कंट्रोलचा दिसतोय," सर म्हणाले आणि आईच्या पिशवीतला तांदूळ त्यांनी बोटांमधून परत पिशवीत सोडला. "बाई, देवाला तरी बरं काही आणायचं."

मांडवात हशा पिकला. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं लपवावंसं वाटेल.

मी सातवीत होते. कापणीचा सण होता. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी उपासना झाली की लोकांनी वाहिलेल्या वस्तूंचा आवारात लिलाव व्हायचा, आणि आलेले पैसे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खर्चाला जायचे. कागलकडच्या एका बागायतदाराची गुळाची ढेप, डॉक्टरीणबाईंचा केक, कोहळे, एक कोंबडा. केकवर तर दोन घरांत चढाओढ लागली. बोली पुकारत होते ते सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. त्यांचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आम्ही गडहिंग्लजकडच्या एका गावाच्या महारवाड्यातून आलेलो. गाव सुटलं, पण चर्चमध्येही आमची जागा मागच्या बाकावर.

वडील नव्हते. आई शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात फरशी पुसायची. रोज भात टाकण्याआधी रेशनवर आणलेल्या तांदळातली एक मूठ काढून ती देवाच्या डब्यात टाकायची. भात कमी पडला तरी ती मूठ चुकायची नाही. मला वाटायचं, माझाच घास त्या डब्यात गेला. एकदा चिडून विचारलं, "देवाला भूक लागत्या व्हय?"

"त्याला न्हाय लागत," ती म्हणाली. "पर त्यो आपल्याला उपाशी ठेवत न्हाय, ह्ये आपून इसराय नगं."

तोच वर्षभराचा तांदूळ तिनं निवडून, पाखडून आणला होता.

"बोली कोण लावतंय?" सरांनी विचारलं. कुणी बोलेना. "कोंबड्या आहेत का कुणाकडं?" पुन्हा हशा.

मी पुढं, सरांच्या नातीशेजारी बसले होते. तिनं मला कोपरानं डिवचलं. "तुझी आई ना गं ती?"

"न्हाय," मी म्हणाले. "आमच्या गल्लीतली हाय."

आई त्या वेळी माझ्याकडंच बघत होती. तिला ऐकू गेलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

मग आईच पुढं आली. "म्या घेतो की, सर."

"'घेतो' नाही, 'घेते' म्हणावं. बाई आहेस ना?"

आमच्याकडच्या बायका 'घेतो', 'जातो' असंच म्हणतात. पण त्या दिवशी तीही हसण्याची गोष्ट झाली. आईनं पदराच्या गाठीतले पाच रुपये टेबलावर ठेवले. ते आमचं बसभाडं होतं. स्वतः वाहिलेला तांदूळ स्वतःच विकत घेऊन ती चालत निघाली. मी दहा पावलं पुढं चालले, कुणी बघितलं तर आम्ही दोघी बरोबर दिसू नये म्हणून.

घरी तिनं तो तांदूळ शिजवला नाही. "दिल्यालं परत घ्याचं नसतंय," म्हणत शेजारच्या म्हातारीला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डब्यात मूठ पडली. मी भडकले. "अजून टाकतीस?"

"सरांनी नगं म्हटलंय. देवानं कुठं म्हटलंय?"

मी शिकले, डी.एड. झाले, शिक्षिका झाले. पहिल्या पगारापासून चर्चला दशांश, पगाराचा दहावा हिस्सा, पाकिटात घालून दिला, एक महिना चुकवला नाही. पण पाकिटावर नाव ठसठशीत लिहायची. वर्षाच्या शेवटी वेदीजवळून देणाऱ्यांची नावं वाचली जात, आणि माझं नाव येईपर्यंत माझा जीव वर-खाली व्हायचा. आईचं नाव त्या यादीत कधीच नव्हतं. तांदळाला पाकीट कुठलं? एका वर्षी मीच तिला म्हणाले, "आता मी देते आहे ना, तू पिशवी घेऊन येऊ नकोस. बरं दिसत नाही."

"तुझं तू दे," ती म्हणाली. "माझं म्या देतो."

मग मंडळीनं मला पंच केलं. सर वारले होते, लिलाव त्यांचा मुलगा बघायचा. त्या वर्षी बांधकामावर काम करणारी एक बाई टॉवेलात बांधून ज्वारी घेऊन आली. टॉवेल मळका, ज्वारी किडकी. सरांचा मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, तेवढं टेबलाखाली सरकवा. फोटो काढायचेत."

मी सरकवलं.

कुणी हात धरून करवून घेतलं नाही. माझाच हात, घड्याळ घातलेला. ती बाई बघत होती. मी खाली वाकले, गाठोडं उचललं, टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाले, "ह्याचा लिलाव व्हायचा न्हाय. आणि मी हितनं पुढं कुठल्याच लिलावाला हात बी लावणार न्हाय."

"मग मंडळीचा खर्च कशावर चालायचा?" सरांच्या मुलानं विचारलं.

"ज्याला द्यायचंय त्यानं द्यावं की. बोली कशाला लागत्या?"

गलका झाला. माझं पंचपद महिन्याभरात गेलं. घरी येऊन मी आईपाशी रडले. सगळं सांगितलं, लहानपणी तिलाच 'गल्लीतली' म्हटलं होतं तेसुद्धा. ती म्हणाली, "मला काय सांगतीस? त्या जुंधळंवाल्या बाईला जाऊन सांग."

सोमवारी बांधकामावर गेले. ती विटा वाहत होती. म्हणाले, "काल मी तुमचं गाठोडं खाली सरकवलं. चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या की बाई," ती म्हणाली आणि डोक्यावरची पाटी सावरली. "सवय हाय."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती सवय मी लावली होती. मी, सरांनी, आणि टाळ्या वाजवून नावं ऐकणाऱ्या आम्ही सगळ्यांनी.

चर्च सोडलं नाही. देव सरांच्या मालकीचा नाही, म्हणून त्यांच्यासाठी तो सोडणार नाही. दशांश देते, पाकीट कोरं असतं. मागच्या बाकावर बसते. सणाच्या दिवशी टेबलाजवळ जाऊन उभी राहते, बोलावलं नाही तरी. कुणाचं देणं हलकं म्हणून बाजूला सारायला हात आला, तर तो तिथंच धरीन. माझा स्वतःचा असला, तरी.