चालण्याजोगं गाव

भांडुपला आम्ही राहतो तो रस्ता चढाचा आहे. बिल्डिंगच्या गेटपासून मेन रोडला जायचं म्हणजे आधी उतार, मग कधीपासून खोदून ठेवलेला पट्टा, मग फुटपाथ नावाची वस्तू, जिच्यावर मोटरसायकली उभ्या असतात आणि एक वडापावची गाडी. मोठ्या माणसाला पाच मिनिटं लागतात. माझ्या लेकीला पंचवीस, आणि त्यातली दहा ती माझ्या कडेवर असते. ती सात वर्षांची आहे. एवढ्या मुलीला कडेवर घेतलं की एखादी बाई हमखास म्हणते, "इतकी मोठी झाली, चालव ना तिला." आधी मी समजावून सांगायचे. आता नुसती बघते, आणि मग ती बाई आपल्या वाटेने जाते.

लेकीला संधिवात आहे. संधिवात म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं, असं मलाही वाटायचं. लहान मुलांनाही होतो. सकाळी तिचे गुडघे आणि घोटे आखडलेले असतात. पलंगाची कड धरून ती उभी राहते आणि तशीच थांबते, पाय आपले झाल्याशिवाय कड सोडत नाही. रडत नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. डॉक्टर म्हणाले, औषधं चालू ठेवा, थंडीपासून जपा आणि रोज चालवा, सपाट रस्त्यावर. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. सपाट रस्ता म्हणे, भांडुपमध्ये!

आम्ही काय काय केलं नाही? जुहूला नेलं, तर वाळूत तिचे घोटे मुरगळायला लागले. मग पवईचा तलाव सापडला. काठाने थोडा का होईना, नीट चालता येईल असा पट्टा आहे. तेव्हापासून आम्ही रिक्षाने पवईला जातो, अर्धा तास चालतो आणि रिक्षाने परत येतो. तीही मिळाली तर. चालायला जाण्यासाठी रिक्षावाल्यांच्या विनवण्या करणारं मुंबईत आमचं एकच घर असेल.

शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, "आपण इथून निघू या. जिथे ही आपल्या पायांनी शाळेत जाईल असं गाव शोधू."

तो म्हणाला, "अगं, माझी नोकरी?"

"तू राहा ना इथे. शनिवार-रविवार ये."

माझं काम घरून चालतं, इन्शुरन्सचे क्लेम तपासायचं. लॅपटॉप उघडेन तिथे माझं ऑफिस. म्हणजे आम्ही मायलेकी निघू शकत होतो. प्रश्न एवढाच होता की कुठे. नाशिक आणि पुणं थंडीपायी गेलं. सासर विदर्भातलं, तिथे उन्हाळ्यात घराबाहेर पाय टाकता येत नाही आणि डिसेंबरात गारठा. राहिलं कोकण. माझ्या शेजारणीचं माहेर तिकडचं. तिने तालुक्याचं एक गाव सुचवलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की लोक म्हणतील, तिथलीच माणसं तशी, आमच्याकडे असं नाही.

जानेवारीत आम्ही तिघं गेलो, आणि काय सांगू, ते गाव मला फार आवडलं. एसटी स्टँडपासून खाडीपर्यंत एकच सरळ, सपाट रस्ता. दुतर्फा चिऱ्याचे गडगे, म्हणजे कमरेएवढ्या दगडी कुंपणभिंती, वर आंब्याफणसाची सावली. शाळा, औषधांचं दुकान, वाचनालय, मासळीबाजार, सगळं दहा मिनिटांच्या आत. जानेवारीतही अंगावर शाल घ्यावी लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी लॉजच्या खोलीत डोळे उघडले तर शेजारी लेक नव्हती. ती उठून, आपली आपण, बाथरूममध्ये जाऊन दात घासत होती. नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. त्या दिवशी ती स्टँडपासून खाडीपर्यंत चालली, मध्ये दोनदाच बसली.

मग आम्ही घर बघायला लागलो.

पहिली जागा किराणा दुकानामागे होती, दोन खोल्या, पायरी एकच. दुकानदार प्रेमाने बोलला. "खंयसून इलात? चेडवाक काय झाला?" मुलीला काय झालं ते सगळं ऐकून हळहळला. मग आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी कर. त्यावरून काहीच कळत नाही, म्हणून पुढचा प्रश्न येतो. "कुळदैवत खंयचा तुमचा?"

मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत."

"बरा, बरा," तो म्हणाला. त्याचा आवाज जराही बदलला नाही, हे मला अजून आठवतं. "झिलाक इचारून सांगतंय." झील म्हणजे मुलगा. मुलाला विचारून सांगतो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

दुपारी दुसऱ्या जागेवर गेलो, तर तिथली बाई दारातच उभी होती. आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाली, ती जागा आम्ही आता देत नाही. गडग्यावर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी तशीच होती. मुंबईत हे होत नाही असं मी म्हणत नाही. मुलुंडला, घाटकोपरला जागा शोधताना आम्हालाही सांगितलंय की इथे फक्त व्हेजिटेरियन चालतात. पण मुंबईत एक दार बंद झालं तर पुढच्या गल्लीतल्या दाराला ते माहीत नसतं. इथे सकाळी एका घरी बोललेलं दुपारी दुसऱ्या घरी पोचलं होतं. गाव सपाट होतं, सगळं दहा मिनिटांवर होतं, आणि आमची बातमी माझ्या लेकीपेक्षा भरभर चालत होती. लेक म्हणाली, "मम्मी, हे घर पण छान आहे ना?"

परत आल्यावर माझ्या वडिलांना सांगितलं. लेकीचे आबा, ते घाटकोपरला राहतात. ते सोळाव्या वर्षी मराठवाड्यातलं गाव सोडून आले आणि पुन्हा तिथे राहायला गेले नाहीत. वरच्या आळीतून जाताना त्यांच्या वडिलांना चपला काढून हातात घ्याव्या लागत, हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय. लेकीला बोलता यायला लागलं तेव्हा मांडीवर बसवून 'जय भीम' म्हणायला त्यांनीच शिकवलं. कोकणातली हकिकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "तिला चालायला जमत होतं ना तिकडे?"

"जमत होतं."

"मग परत जा. बघ."

मार्चमध्ये परत गेलो, या वेळी आम्ही दोघीच. लॉजवाल्या बाईने खाडीकडच्या एका घराचा पत्ता दिला. मालकीण निवृत्त शिक्षिका, जानेवारीत यात्रेला गेलेली, म्हणजे आमची बातमी तिच्या कानावर गेली नसावी. जायच्या आधी लॉजच्या खोलीत लेकीचे केस विंचरताना मी तिला म्हटलं, "हे बघ, तिथे गेल्यावर जय भीम नाही म्हणायचं. नमस्कार म्हणायचं."

"का?"

"इकडे तशी पद्धत नाही."

"मग कुठे म्हणायचं?"

"ते मी सांगेन तुला," मी म्हटलं आणि वेणी जरा जास्तच घट्ट बांधली.

घर बघून माझा जीव अडकला. पायरीच नाही, अंगणातून सरळ पडवीत. पडवीतून शाळेचं पटांगण दिसायचं. लेकीने हात जोडून नमस्कार म्हटलं. काकू खूश झाल्या. "बघा, संस्कार बघा मुलीचे! शहरातली वाटत नाही." त्यांनी तिला खाजा दिला, गुडघ्यांवरून हात फिरवला, खोबरेल कसं कोमट करून लावायचं ते मला सांगितलं. म्हणाल्या, "नवरा गेला, मूलबाळ नाही. मला भाऊ ना बहीण. तुम्ही आलात तर हिच्या पायांचा आवाज तरी येईल घरात."

मग त्यांनी कुळदैवत विचारलं. लेक खाजा खात माझ्याकडे बघत होती. मी माझ्या शेजारणीची देवी सांगितली. दरवर्षी ती जत्रेला जाऊन येते आणि आठवडाभर मला तेच ऐकवते, त्यामुळे देवीचं नाव, गाव, जत्रेचा महिना, सगळं माझ्या तोंडावर होतं. घरातली साखर संपली की शेजारून वाटी आणावी, तशी मी देवी उसनी आणली. काकूंनी टाळीच वाजवली. "म्हणजे तुम्ही आमच्याचकडचे! मग विचारायचं काय? मेमध्ये या सामान घेऊन."

नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने आधी भाडं किती ते विचारलं. मग म्हणाला, "यार, शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते विसरलीस का तू? समोरच शाळा आहे ना? आठ दिवसांत वाट लागेल."

"तेव्हाचं तेव्हा बघू. तोवर ती चालेल तरी."

हे मी खरंच म्हटलं. आठ दिवस तर आठ दिवस. मला तेव्हा तेवढंही पुरेसं वाटत होतं, इतकी मी थकले होते.

मेच्या पहिल्या रविवारी आबा निरोप द्यायला आले. हॉलमध्ये खोके बांधून ठेवले होते. बुद्धाची मूर्ती मी साडीत गुंडाळून सगळ्यात खालच्या खोक्यात ठेवली होती, आणि ती तिथे का ठेवली ते मला माहीत होतं. हातात आंब्यांची पिशवी घेऊन आबा दारात उभे राहिले आणि नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले, "जय भीम, बाळा!"

लेक खोक्यावर बसली होती. तिने तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत ती खोक्याला धरून उभी राहिली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार, आबा."

आबांनी पिशवी खाली ठेवली. बांधलेल्या खोक्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वाकून तिला हात जोडले. "नमस्कार," ते म्हणाले. नंतर ते आंबे धुवायला स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ चालू होता. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं मला.

मी गॅलरीत जाऊन काकूंना फोन लावला. सगळं सांगितलं. देवी शेजारणीची होती हेही सांगितलं. रागावल्या असत्या तर मी माफी मागणार होते, त्यासाठी वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण त्या रागावल्या नाहीत. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "असं होय. बरं, मी भावाला विचारून सांगते हं."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

खोके सोडायला दोन दिवस लागले. मूर्ती परत होती तिथे ठेवली. रिक्षावाल्यांच्या विनवण्या करून आम्ही पवईला जातो, अर्धा तास चालतो. सकाळी लेक पलंगाची कड धरून उभी राहते. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, माझं चुकलं, जय भीम कुठेही म्हणायचं, कुणालाही म्हणायचं. तिने मान डोलावली. आबा आले की आता ती पुन्हा जय भीम म्हणते. फक्त म्हणायच्या आधी एकदा माझ्याकडे बघते.