देवघरामागचं वजन

कॅनडातलं, ऑन्टारिओतल्या लंडनचं घर विकून हॅलिफॅक्सला लेकीजवळ राहायला जायचं ठरलं, तेव्हा लेक म्हणाली होती, विमानाने या, सामान मूव्हर्स आणतील. पण आमच्या ह्यांना ते कुठलं पटायला! निवृत्तीनंतर पिकअप ट्रक घेऊन त्याच्या पाठीवर कॅम्पर चढवलेला, म्हणजे झोपायची खोली आणि छोटासा ओटा. त्यात ह्यांचा जीव. मागे बंद ट्रेलर जोडून सगळं आपणच न्यायचं म्हणाले. लेकीने ह्यांचं वय काढून अट घातली, "बाबा, लास्ट चान्स." नीट पोचले तर पुढेही गाडी चालवायची, नाहीतर किल्ली तिच्याकडे.

ट्रेलर भरताना घोळ घातला तो मी. देव सगळ्यांच्या आधी नव्या घरी निघायचे, म्हणून सागवानी देवघर अगदी पुढच्या भिंतीशी. त्याच्या आसपास फक्त उशा आणि गोधड्या. पुस्तकांची खोकी, पाटा-वरवंटा, शिवणयंत्र, सगळं मागे दाराशी.

हे म्हणाले, "अगं, जड सामान चाकांच्या पुढे हवं. नाहीतर ट्रेलर हेलकावे खातो."

"देवाला खोकी टेकवायची? जन्मभर तुमचंच ऐकलं. एकदा माझं ऐकलंत तर काय बिघडेल?"

इंजिनियर माणूस, सगळं कळत होतं. तरी मुकाट्याने दार लावलं. मेला माझा हट्ट!

वाटेत न्यू ब्रन्सविक प्रांतात लांबलचक उतार लागला. आधी ट्रक मागून कुणीतरी ओढल्यासारखा हलला, मग ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागला. ह्यांनी ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंगचं चाक सरळ धरून वेग उतरू दिला. म्हणून ट्रक रस्त्यावर राहिला. ट्रेलर मात्र सुटून चारीत आडवा झाला. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. देवही उशांमध्ये सुखरूप.

फोन केल्यावर लेक हॅलिफॅक्सहून गाडी घेऊन धावत आली. उघड्या दारातून सांडलेली खोकी बघून तिने विचारलं, "हे असं भरलं कोणी?"

"मी," हे म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. खाली वाकून सांडलेली पुस्तकं गोळा करायला लागले. खरं सांगते, त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं मला. लाज वाटते आता. तिने हात पुढे केला आणि ह्यांनी किल्ली दिली.

कॅम्पर विकला. आता हे लेकीकडे खिडकीत बसतात. शेजाऱ्याला गाडी मागे घेता आली नाही की ह्यांचे हात मांडीवरच चाक फिरवतात. ग्रोसरीला जायचं तर लेकीला विचारा, नाहीतर बसची वाट बघा.

परवा धीर केला. लेकीला सगळं सांगितलं, देवघर, खोकी, माझा हट्ट. बाबांची चूक नव्हती म्हटलं, किल्ली परत दे त्यांना.

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "ओह आई. यू डोंट हॅव टू कव्हर फॉर हिम."

मी त्यांना पाठीशी घालतेय असं वाटलं तिला! मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, अहो, तुम्ही तरी सांगा.

"जाऊ दे गं," हे म्हणाले, आणि परत खिडकीकडे वळले.